अचूक नजरेबद्दल

बापाच्या चौकोनात सरांनी खडूने प्रश्नचिन्ह काढलं, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी खुदकन हसलं. एवढंच झालं. कुणी तिला शिवी दिली नाही, कुणी बोट दाखवलं नाही, सर तर उलट खजील होऊन फळा पुसायला धावले. पण पुसायच्या आधी ते प्रश्नचिन्ह तिने पाहिलं होतं. चोपन्न वर्षांची बाई, त्यातली तीस कॉलेजच्या ह्याच प्राणिशास्त्र खात्यात माश्या मोजण्यात घालवलेली, आणि भर वर्गात बिनबापाची होऊन उभी होती. हातात अजून ते ठिपक्यांचं पुस्तक होतं. ते तिने टेबलावर आपटलं नाही, नीट ठेवलं, आणि ह्याचाच तिला पुढे दिवसभर राग येत राहिला.

तास तसा नेहमीचाच होता. पांढऱ्या डोळ्यांची मादी आणि लाल डोळ्यांचा नर एका काचनळीत सोडायचे, बारा-चौदा दिवसांनी त्यांची पोरं मोजायची. मुलगे झाडून सगळे पांढऱ्या डोळ्यांचे, मुली झाडून सगळ्या लाल डोळ्यांच्या. आईचं पोरांना, बापाचं पोरींना. कॉलेजच्या मुलांना दर वर्षी ह्याचं नवल वाटायचं, तिला आता वाटत नसे. मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट शिजवून माश्यांचं खाणं तीच करायची, नळ्या तीच भरायची, तोंडाला कापसाचे बोळे तीच लावायची. कोषातून बाहेर पडलेल्या माद्या आठ तासांच्या आत वेगळ्या काढायचं कामही तिचंच. आठ तास उलटले की मादी नळीतल्या कुठल्याही नराबरोबर जाते आणि मग तिच्या पोरांचा बाप कोण, ह्याचा कुणी भरवसा देऊ शकत नाही. हे वाक्य ती तीस वर्षं प्रत्येक तुकडीला हसत हसत सांगत आली होती. पोरंही हसायची. माशीबाई म्हणायचे तिला, तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं.

यंदा सर नवे होते, तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, हौशी. त्यांनी आपल्या खिशातून पैसे घालून ते पुस्तक आणलं होतं. प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांचं एक वर्तुळ, त्यात म्हणे आकडा दडलेला. माशीचं सोडा, माणसातही असंच असतं, सर म्हणाले, रंग न ओळखता येण्याचा दोष असाच उतरतो. मुलाला ते एकाच बाजूने येतं, आईकडून. मुलीला दोन्हीकडून एकेक येतं आणि त्यातलं एक जरी धड असलं तरी तिला दिसतं. म्हणून मुलग्यांत हा दोष बराच, मुलींत शोधून सापडायचा नाही. पुस्तक बाकांवरून फिरलं. एकाला आकडे दिसेनात, त्याची सगळ्यांनी भरपूर थट्टा केली, त्यानेही करून घेतली. मग सर कौतुकाने म्हणाले, "बाई, तुम्हीही बघा. खात्यात तुमच्याएवढे तिखट डोळे कुणाचे आहेत?" ती हात पुसत पुढे गेली. पहिल्या पानावर ठिपके होते. दुसऱ्या पानावर ठिपके होते. सातव्या पानापर्यंत ठिपकेच होते. "छपाई चुकलीय का हो?" तिने विचारलं आणि वर्ग हसला, कारण तिला वाटलं त्यापेक्षा जास्त मजेदार होतं ते. सरांचे डोळे चमकले. घबाड सापडलेला माणूस पुढचामागचा विचार करत नाही. त्यांनी फळ्यावर वर्तुळ काढलं, ते खडूने भरलं, भरलेलं म्हणजे दोष असलेलं, हे बाई. वर चौकोन, हा बाप. "बाई रंगांध असेल तर बाप रंगांध असलाच पाहिजे. असलाच! बाई, काय करायचे वडील?" आणि ती, मूर्ख, अभिमानाने म्हणाली, "लोकरीच्या गिरणीत रंग जुळवायचे. चाळीस वर्षं. एक नमुना परत आला नाही त्यांचा." चौकोन भरायला निघालेला सरांचा खडू हवेत थांबला. मग तो खाली आला आणि त्याने आत ते चिन्ह काढलं. विचार करताना माणूस कान खाजवतो तसं, नकळत.

तास संपल्यावर सर तिच्या टेबलाशी आले. माफी मागायला आले असतील असं तिला वाटलं, पण त्यांना वेगळीच काळजी होती. "बाई, रागावू नका, पण मग शेंदरी डोळे तुम्ही कसे मोजता? विटकरी लाल आणि शेंदरी लाल, तुम्हाला तर दोन्ही सारखेच..." तिने एका नळीतल्या माश्यांना भूल दिली, पांढऱ्या फरशीवर पसरल्या आणि कुंचल्याच्या टोकाने भराभर दोन ढीग पाडले. शंभरातली एकही इकडची तिकडे नाही. सरांनी भिंगातून दोनदा तपासलं. "ठिपक्यांवरून," ती म्हणाली. "डोक्यावर तीन बारीक डोळे असतात ना, ते शेंदरी माशीचे पाण्यासारखे असतात, साध्या माशीचे गडद. सगळे तसेच मोजतात की." सरांनी भिंग खाली ठेवलं. "नाही हो बाई. सगळे नुसता रंग बघतात." आणि वर म्हणाले, "वा! कमाल आहे तुमची." तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्या पोराने सकाळी तिचा बाप काढून घेतला होता आणि दुपारी तो तिला शाबासकी देत होता. "सर, मी आज लवकर जाते," एवढंच ती म्हणाली. तीस वर्षांत पहिल्यांदा तिने नळ्यांना लेबलं न लावता खोली सोडली.

रस्त्यावर ऊन होतं. ती चालतच निघाली, कारण बसमध्ये गप्प बसून राहणं तिला झेपलं नसतं. सिग्नलशी थांबली आणि पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं की आपण दिव्याचा रंग कधी बघतच नाही, वरचा पेटला की खालचा पेटला एवढंच बघतो. सगळेच तसं करतात असं वाटलं होतं. आणखी काय काय सगळे करत नसतील, देव जाणे. पिकलेलं फळ सगळे दाबून बघत नसतील. कपाटातल्या कपड्यांच्या आत सुईदोऱ्याने खुणा करत नसतील. हे सगळं ती का करत होती? कारण तिचं लक्ष नसतं. हे तिला लहानपणापासून पाठ होतं. शाळेत चित्रात तपकिरी गवत काढलं, बाई हसल्या, चित्र घरी आलं, वडलांनी ते फाडून चार तुकडे केले. लक्ष नसतं! नवव्या वर्षी आईने हिरव्या लोकरीची लड आणायला दुकानात पाठवलं. आणून वडलांच्या हातात दिली. वडलांनी खिडकीशी धरून बघितली, "हं, आणलीस," म्हणाले. आई आतून आली आणि पटकन बोलून गेली, "अगं, ही तर तपकिरी." त्यासरशी वडलांची पाची बोटं तिच्या गालावर उठली. "डोळे फुटलेत का तुझे? लक्ष कुठं असतं?" गाल दोन दिवस सुजलेला होता. शेजारी कुणी विचारलं तर दाढ दुखते सांग, असं आईने बजावलं होतं, आणि ही दाढ दुखते म्हणून सांगत फिरली होती.

त्या थपडेनंतर तिने लक्ष द्यायला सुरुवात केली. इतकं लक्ष, की शाळेत, कॉलेजात आणि पुढे माश्यांच्या खोलीत तिच्यासारखं लक्ष देणारं माणूस नव्हतं. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर सांगायची, घरात एक चिडका माणूस होता तेवढा पुरे, आणि त्याची जागा आता मी चालवतेय. हे खरंच होतं. वडलांचा राग जसाच्या तसा तिच्यात होता, तोच आधी थंडपणा, तीच फुगणारी नाकपुडी, तोच अचानक उचलला जाणारा हात, फक्त उचललेला हात ती टेबलावर मारायची. आता चालता चालता तिला त्या रागाचाच आधार वाटायला लागला. राग त्यांचा आहे म्हणजे मी त्यांची आहे. माशीत काही गुण जोडीने चालतात, पांढरा डोळा आणि आखूड पंख एकाच धाग्यावर असले की एकत्रच उतरतात, मादीच्या अंगात अधूनमधून अदलाबदल होते तेव्हाच त्यांची ताटातूट. नराच्या अंगात तीही नाही. नर आपल्याला मिळालेलं मुलीला अख्खंच्या अख्खं देऊन टाकतो, एक कण मोडत नाही. म्हणजे राग आला तर डोळेही यायला हवेत. आणि डोळे त्यांचे नाहीत. मग राग तरी कशावरून त्यांचा? राग काय, पावलापावलावर मिळतो, त्याला बाप लागत नाही. तिचं तिलाच हसू आलं, आणि लगेच रडूही, आणि रडू आलं म्हणून पुन्हा संताप.

मग तिने ते केलं जे फक्त तिच्या धंद्यातलं माणूस करील. तिने लहानपणच्या गिरणी क्वार्टर्समधले सगळे पुरुष डोळ्यांसमोर ओळीने मांडले आणि त्यांच्यात दोष शोधायला लागली. गिरणीच्या फाटकासमोर दोन खोल्यांचं क्वार्टर, आजूबाजूला बारा घरं. आणि त्यात, शेजारच्याच दारात, घड्याळजी. एकटा राहायचा, मोजे दर दिवशी वेगळेवेगळे, एक ह्या रंगाचा एक त्या, पोरं त्याला जोडतोड म्हणून चिडवायची. एकदा त्याने आपलं फाटक रंगवलं आणि सगळी वस्ती लोटली बघायला, कारण म्हणे असल्या भयाण हिरव्या रंगाचं फाटक कुणी शहाणा माणूस लावत नाही. तो तिला गोळ्या द्यायचा. तिच्या केसांवरून हात फिरवून म्हणायचा, हुशार आहे पोरगी. ती रस्त्यातच थांबली. आणि दुपारची ती बंद दारं? गिरणीचा भोंगा झाला की वडील जेवायला घरी यायचे आणि आई पोरांना, तिला आणि शेजारच्यांना, बाहेर पिटाळायची. बाबांना पडू दे जरा. पंधरा मिनिटं दार बंद. पण ते तर वडीलच असायचे आत. की कधीकधी नसायचेही? चोपन्न वर्षांत तिच्या डोक्यात असला विचार आला नव्हता. एका खडूच्या चिन्हाने आईला तिने काचनळीत घालून टाकलं होतं, आठ तास उलटून गेलेली मादी म्हणून. स्वतःची इतकी किळस तिला कधी आली नव्हती, आणि तरी विचार थांबेना.

घराचं दार तिने किल्लीने उघडलं. आई समोरच होती, स्टुलावर उभी राहून भिंतीवरची फ्रेम पुसत. एकोणऐंशी वर्षांची बाई, गुडघे गेलेले, डावा डोळा मोतीबिंदूने धूसर, आणि रोज न चुकता स्टुलावर चढून नवऱ्याची फ्रेम पुसायची. गिरणीने निवृत्तीच्या दिवशी दिलेलं मानपत्र होतं ते. 'चाळीस वर्षांच्या अचूक नजरेबद्दल.' वडील जाऊन सहा वर्षं झाली होती, सगळ्या घरावर धूळ बसली तरी त्या काचेवर बसत नसे. ह्या पतिभक्तीचा मुलीला नेहमीच तिटकारा होता. जिवंत होता तेव्हा आयुष्यभर वेंधळी, बावळट, बिनडोक म्हणून घेतलं, आणि आता पुसते आहे.

"आज लवकर?" आई म्हणाली. "माश्यांनी संप केला की काय?"

"खाली उतर आधी. पडशील आणि मलाच निस्तरावं लागेल."

"उतरते गं. फणकारा कशाला? चहा टाक, मग काय ते ओरड."

तिने चहा टाकला नाही. आई खाली उतरून खुर्चीत बसली तशी ती समोर उभी राहिली. वाटभर तिने चार वेळा वाक्य जुळवलं होतं, सभ्य, आडवळणाचं. तोंडातून निघालं ते असं: "आई, मी कोणाची?"

आईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ऊन लागलंय का तुला?"

"विचारते त्याचं उत्तर दे. मला रंग दिसत नाहीत. आज कळलं. चोपन्नाव्या वर्षी, चाळीस पोरांसमोर. आणि बाईमाणसाला रंग दिसत नसतील तर तिच्या बापालाही दिसत नसतात, हा कायदा आहे, तो माझ्या सरांनी केलेला नाही आणि मीही नाही, माश्यांपासून माणसांपर्यंत आहे. आणि माझा बाप रंग जुळवायचा. मग कोण होता माझा बाप? तो जोडतोड? ज्याने फाटक हिरवं केलं तो?"

बोलून झाल्यावर तिला वाटलं आता आई उठेल आणि वडलांसारखीच पाची बोटं उमटवील, आणि तिला ते चाललं असतं. आई हसायला लागली. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग डोळ्यांतून पाणी. "घड्याळजी? अगं माझे आई! त्याला गिरणीतून उरलेला रंग फुकट मिळाला होता. फुकट मिळालं तर तो दाराला डांबरही फासता. आणि मोज्यांचं म्हणशील तर धोबी हरवायचा त्याचे." मग तिचं हसू एकदम आटलं. "म्हणजे हे बायकांनाही होतं तर," ती म्हणाली. "बायकांना होत नाही म्हणायचे सगळे. तुला झालंय हे मला कळायचं, पण वाटायचं, अशी तू एकटीच."

"तुला माहीत होतं?"

"लोकरीच्या लडीपासून."

मुलगी खाली बसली. खुर्चीवर नाही, जमिनीवरच.

"आणि त्यांचं लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं," आई म्हणाली. "माझे वडील तसलेच होते ना. फळ पिकलंय का ते दाबून बघायचे, सदरा मागायचे तेव्हा रंग सांगायचे नाहीत, खिशाला बटण आहे तो, असं म्हणायचे. लहानपणापासून मीच त्यांना जोड्या लावून द्यायची. तर लग्न झालं, आणि तुझे बाबा माझ्या हिरव्या कपड्यांना तपकिरी म्हणाले. मी म्हटलं, झालं! एका घरातून सुटले, दुसऱ्यात तेच."

"पण ते तर रंगखात्यात..."

"कारकून म्हणून लागले होते गं. मालकाची मर्जी बसली, रंगखात्यात घातलं, क्वार्टर मिळत होतं. नाही कसं म्हणणार? आणि खरं सांगायचं तरी कसं? मग ते नमुने घरी आणायला लागले. गोळ्यांच्या डबीत, दोन दोन बोटं लोकरीचे तुकडे, एक गिऱ्हाइकाचा, एक आपला. जेवायच्या सुट्टीत. मी खिडकीशी उजेडात बघायची आणि आपल्या तुकड्याला गाठी मारून द्यायची. एक गाठ म्हणजे लाल जास्त झालाय. दोन गाठी, पिवळा कमी पडतोय. टोकाला गाठ म्हणजे बरोबर, जाऊ दे. ते गिरणीत जाऊन खिशात हात घालून गाठी चाचपायचे आणि डोळे बारीक करून सांगायचे. लोक म्हणायचे, काय नजर आहे!" आई नाकातून हसली. "चाळीस वर्षं. तू पोटात होतीस तेव्हाही. बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा डबी आली होती."

पंधरा मिनिटांची बंद दारं. बाबांना पडू दे जरा. मुलीच्या डोळ्यांपुढे ती लड आली, खिडकीशी धरलेली, आणि बापाचा तो शब्द, "हं, आणलीस." त्याला काहीच दिसलं नव्हतं! त्याने तपकिरी लोकर हातात धरून पसंत केली होती, आणि आई बोलली म्हणून त्याला कळलं, आणि कळल्या क्षणी त्याने तिच्या तोंडात मारली होती. तिच्या चुकीसाठी नव्हे. ती चूक त्याचीच होती, जशीच्या तशी, एक कण न मोडता तिला दिलेली. चित्र फाडलं तेव्हाही तपकिरी गवतात त्याला काय वावगं दिसलं असणार? बाईंनी चित्राखाली लाल शाईने, नव्हे, कुठल्या का शाईने, लिहिलं होतं ते वाचून फाडलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. आपल्या डोळ्यांतलं मुसळ झाकायला त्याने पोरीचे डोळे फोडले होते, आणि ती पन्नास वर्षं आपलं लक्ष नसतं असं समजून सिग्नलचे दिवे मोजत जगली.

"त्याला माहीत होतं," ती म्हणाली. बाबा हा शब्द तोंडातून निघेना. "मला दिसत नाही हे त्याला माहीत होतं आणि तरी मारलं."

"घाबरायचे गं. पोरीला दिसत नाही असं बाहेर फुटलं असतं तर कुणीतरी म्हटलं असतं, बघू बापाचे डोळे. क्वार्टर गेलं असतं, सगळंच गेलं असतं. म्हणून लक्ष नसतं म्हणायचं ठरलं."

"ठरलं? कुणी ठरवलं? तू होतीस त्यात?"

आई पदराचं टोक बोटांना गुंडाळायला लागली.

"मी दाढ दुखते म्हणून सांगत फिरले, आई! नऊ वर्षांची होते मी. तू त्याला गाठी मारून देत होतीस आणि मला एक गाठ नाही मारलीस? एकदा जवळ घेऊन सांगायचं, बाळा, तुझे डोळे असे आहेत, तुझा काही दोष नाही. अळीमिळी गुपचिळी! त्याला सांभाळलंस, त्याचं क्वार्टर सांभाळलंस, मग मी कोण होते?" तिचा हात उचलला गेला होता, तो तिने जमिनीवर आपटला. तळव्याला झिणझिण्या आल्या. तिला वाटलं होतं आपण बापावर चिडलोय, पण बाप सहा वर्षांपूर्वी सुटला होता, आणि ही समोर होती, आणि हिच्यावरचा राग जुना होता, त्याच्यापेक्षा जुना.

आई खाली बघत म्हणाली, "तोंडच नव्हतं मला. ते म्हणायचे, तुझ्या बापाकडून आलंय हे पोरीत. तुमच्या घराण्याचा दोष माझ्या पोरीच्या पदरात घातलास. लडीच्या दिवशी रात्री म्हणाले, आणि मग जन्मभर म्हणत राहिले. मला ते खरंच वाटायचं. माझे वडील तसे होतेच की. म्हटलं, माझ्यामुळेच पोरीला हे भोग, मी कुठल्या तोंडाने बोलू?"

मुलगी ताठ बसली. "काय म्हणाला तो?"

"तुझ्या बापाकडून आलंय."

"खोटं आहे ते," ती म्हणाली, आणि वर्गात तीस वर्षं ऐकून ऐकून तोंडपाठ झालेलं सगळं तिच्या आत एकदम जागं झालं, पण ह्या वेळी ते फळ्यावरचं राहिलं नाही. "नीट ऐक. मुलीला दोन्हीकडून एकेक येतं. तुझ्याकडून आलेलं आजोबांचं असेल, असेलच. पण तेवढ्याने काही झालं नसतं. एक धड असलं तरी मुलीला दिसतं. तुला नाही का दिसत? आजोबा तसे होते, तरी तुला दिसतं ना? कारण तुझी आई तुला धड देऊन गेली. मलाही बापाने धड दिलं असतं तर मी आज सगळे रंग बघत असते. त्याने नाही दिलं. त्याच्याकडे नव्हतंच. त्याच्याशिवाय हे होऊच शकत नाही, आई, जगात कुठेही होत नाही. तुझ्या बापाचं नाव घेऊन त्याने स्वतःचं पाप तुझ्या माथी मारलं."

"पण अर्धं माझं."

"अर्धं तुझं. आणि नुसत्या अर्ध्याने मुलीचे डोळे बिघडत नाहीत."

आई एकेक गोष्ट मनात कुठेतरी उजेडात धरून बघत असावी, दोन तुकडे शेजारीशेजारी धरून. तिचे ओठ हलत होते. "एकोणचाळीस वर्षं," ती शेवटी म्हणाली. "मेल्याने एकोणचाळीस वर्षं मला ऐकवलं." नवऱ्याला तिने मेला म्हटलेलं मुलीने पहिल्यांदा ऐकलं. आवाज चढलेला नव्हता, पण नाकपुडी फुगली होती, आणि मुलीला आश्चर्य वाटलं की तो राग, जो तिने जन्मभर बापाचा म्हणून अंगावर बाळगला, तो हिचाही असू शकतो. तो कुठल्या धाग्यावरून आला होता कोण जाणे. कुणी मोजला नव्हता.

माफी कुणी कुणाची मागितली नाही. मुलीला अजून आईला जवळ घ्यावंसं वाटत नव्हतं, आणि वाटत नाही ह्याचं तिने वाईट वाटून घेतलं नाही. नऊ वर्षांच्या पोरीचा गाल एका दुपारीत उतरत नाही. पण समोरच्या भिंतीवर ती फ्रेम होती, लखलखीत पुसलेली, आणि तिच्यावरचा राग मात्र सरळ होता, त्यात काही गुंता नव्हता. अचूक नजरेबद्दल! ती उठली, स्टूल ओढून भिंतीशी नेलं आणि वर चढली. उद्या सकाळी वर्गात जाऊन तो चौकोन पुन्हा काढून ती आपल्या हाताने भरणार होती, पांढराशुभ्र, काठोकाठ, आणि मागच्या बाकाला सांगणार होती, आता हसा. पण त्याआधी हे घरातून जायला हवं होतं. खिळ्यावरून फ्रेम काढायला तिने दोन्ही हात वर केले.

"काय करतेस?"

"काढतेय. केराच्या डब्यात घालतेय. ह्यापुढे त्याचं हे नाटक ह्या भिंतीवर नको. आणि तू रोज चढून पुसतेस, लाज नाही वाटत?"

"हात लावू नकोस," आई म्हणाली.

तिने मान वळवली. आई खुर्चीतून उठून उभी राहिली होती, गुडघ्यांवर हात न टेकता.

"त्याचं कुठे आहे ते? ते माझं आहे. चाळीस वर्षं कुणी बघितलं त्या खिडकीशी उभं राहून? म्हणून तर पुसते. तुला काय वाटलं, त्याच्यासाठी चढते मी ह्या वयात स्टुलावर?"

मुलीचे हात फ्रेमवरच राहिले. काचेत तिला स्वतःचं तोंड दिसत होतं आणि मागे, खिडकीतल्या उजेडात, आईचं. तिने हात खाली घेतले.

"आणि उतरायच्या आधी जरा सरळ कर," आई म्हणाली. "डावीकडे कललंय. तेवढं तरी दिसतं ना तुला?"

"दिसतं," ती म्हणाली, आणि तिने ते सरळ केलं.